पश्चिमेचा कुकू

आल्गोत वेनरलुंड कशावरच विश्वास ठेवत नसे. देवावर नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही, आणि शेजारचा रुटगेर आपल्या यादीत जे पक्षी लिहितो त्यांच्यावर तर मुळीच नाही. मोसविकच्या नगरपालिकेत, मोजणी खात्यात अडतीस वर्षं काढल्यावर त्याची श्रद्धा एकाच वस्तूवर उरली होती, ती म्हणजे खिशातलं होकायंत्र. गावातल्या निम्म्या कुंपणांच्या हद्दी त्याने आखल्या होत्या आणि उरलेली निम्मी कुंपणं चुकलेली आहेत, असं त्याचं ठाम मत होतं. अशा माणसाला वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी एका पक्ष्याने वेठीला धरलं.

सुरुवात पक्ष्यापासून नाही, पत्रापासून झाली. एप्रिलमध्ये हॉस्पिटलचं पत्र आलं. आल्गोतच्या बायकोचा, डाग्नीचा, खुब्याचा सांधा बदलायचा होता आणि त्यासाठी अठरा जून ही तारीख मिळाली होती. मे संपायच्या आत होकार कळवायचा. नाही कळवला तर पुन्हा रांगेच्या शेपटीला, म्हणजे आणखी दीड वर्ष काठी टेकत फिरायचं. डाग्नीने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि साखरेच्या डब्याखाली ठेवून दिलं.

"काय कळवायचं मग?" आल्गोतने विचारलं.

"बघू. आधी कुकू ऐकू दे."

आल्गोतने चष्मा काढला. तो चष्मा काढायचा तेव्हा समोरच्याने समजायचं, की आता व्याख्यान आहे. डाग्नीने ओळखलं आणि ती बटाटे सोलायला लागली.

गोष्ट अशी, की वसंतातला पहिला कुकू ज्या दिशेने ऐकू येईल तसं ते वर्ष जातं, असं तिकडे म्हणतात. उत्तरेकडून आला तर दुःख, पूर्वेकडून आला तर दिलासा, दक्षिणेकडून आला तर मरण, आणि पश्चिमेकडून आला तर सगळं उत्तम. मोसविकमध्ये यावर कोणाचाही विश्वास नाही. फक्त प्रत्येकाला आपण या वर्षी कुठून ऐकला हे न चुकता आठवतं. डाग्नीने मागच्या वर्षी उत्तरेकडून ऐकला होता, आणि ऑक्टोबरात तळघराच्या पायरीवर लोणच्याच्या बरणीसकट घसरून आपटली ती खुबा दुखावूनच उठली.

"अगं, त्या पक्ष्याला तुझ्या खुब्याचं काय कळतंय!"

"नसेल कळत. पण मागच्या वर्षी बरोबर कळलं त्याला."

आल्गोतने चष्मा पुन्हा चढवला. बायकोशी वाद घालायचा नाही, तिला सोयीचा पुरावा मिळवून द्यायचा, हे तो लग्नानंतर लवकरच शिकला होता. डाग्नीला कुकू पश्चिमेकडून हवा असेल तर पश्चिमेकडून देऊ. माणसाने रस्ते सरळ केले, एका पक्ष्याची दिशा काय अवघड आहे, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

मोसविकचं पक्षिमित्र मंडळ दर वसंतात किनाऱ्याने पाच सहली काढतं. चार सहली बदकांच्या, बगळ्यांच्या आणि भिजलेल्या पायमोज्यांच्या. पाचवी ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, भल्या पहाटे, खास कुकू ऐकायला. या पाचव्या सहलीचं पुढारीपण आल्गोतने मागून घेतलं. मंडळाची अध्यक्षा यूर्दिस. ती दातांची डॉक्टर होती आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ती समोर उभी राहिली की माणसं तोंड उघडत आणि बोले मात्र तीच. तिने ठराव मांडला, तो सर्वानुमते मंजूर झाला, आणि घरी येताना आल्गोतच्या लक्षात आलं, की मोसविकच्या पश्चिमेला समुद्र आहे.

नुसता समुद्र. अडतीस वर्षं ज्या गावाचे नकाशे काढले त्याच्या पश्चिमेला झाड नाही, झुडूप नाही, कुकूला बूड टेकायला जागा नाही, हे त्याला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

"पश्चिमेला सरळ गेलास तर आधी पाणी, मग डेन्मार्क," कुंपणावर कोपरं टेकून रुटगेर म्हणाला. रुटगेरच्या यादीत तीनशे बारा जातींचे पक्षी होते आणि त्याच्याकडे एवढी थोरली दुर्बीण होती, की ती रोखली की बंदरातली माणसं अंग चोरत. "आणि डॅनिश कुकू ओरडला तरी तुला एक अक्षर कळणार नाही."

"मी तुला विचारलं का?"

"नाही. पण तेर्नहोल्म बेटाचं काय? बेटावर गवताळ माळ आहे, माळावर तिरचिमण्या आहेत, तिरचिमण्यांची घरटी आहेत म्हणजे त्यात अंडं टाकायला कुकू येणारच. बेटाच्या पूर्वेला उभा राहा. झाला तुझा पश्चिमेचा कुकू."

सल्ला उत्तम होता, म्हणूनच आल्गोतला तो फार झोंबला. "बघतो" म्हणून तो आत गेला आणि रात्रीच्या जेवणापर्यंत त्याने बेट आपणच शोधून काढल्यासारखा नकाशा टेबलावर पसरला.

आता दुसरी अडचण. त्या वर्षी सण थेट मेच्या अखेरीस, एकोणतीस तारखेला येत होता. कुकू मात्र पंचांग बघून येत नाही; तो मेच्या पहिल्या आठवड्यातच हजर होतो. म्हणजे तीन आठवडे गावभर कुकू ओरडत राहणार आणि डाग्नीच्या कानावर त्यातला एकही पडता कामा नये. कारण दिशा मोजायची ती पहिल्याच कुकूची. दुसऱ्याला कोणी विचारत नाही.

सहा मेच्या सकाळी आल्गोत पत्रपेटीपाशी पेपर काढत होता. तेवढ्यात आला आवाज. कु-कू. स्पष्ट, दोनदा. आल्गोतचा हात सवयीने खिशात गेला, होकायंत्र बाहेर आलं, सुई थरथरली आणि स्थिर झाली. एकशे ब्याऐंशी अंश. नखशिखांत दक्षिण.

आपला यावर विश्वास नाही, हे त्याने स्वतःला तिथल्या तिथे बजावलं. तरी पण त्याने सुई पुन्हा एकदा तपासली. आपल्यासाठी नव्हे. आपण एकोणसत्तर वर्षं जगलो, पुष्कळ झालं. पण मागे वळून पाहिलं तर स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडी होती. खिडकीत तांबड्या फुलांची कुंडी होती आणि आत रेडिओ बडबडत होता. तो घाईघाईने आत गेला.

"पेपर आला का?" डाग्नीने विचारलं, एवढंच. रेडिओ चांगला मोठा होता. आल्गोतच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचारला तो अंगणात पानं उडवायचं यंत्र चालवू लागला. मे महिन्यात झाडांना पानं फुटतात, गळत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. तो रिकाम्या अंगणात, पायजम्यावर रेनकोट घालून, एका काल्पनिक पानाला या टोकाकडून त्या टोकाकडे हाकलत असे. कुकूचा जोर ओसरेपर्यंत, म्हणजे आठ वाजेपर्यंत, हा कार्यक्रम चाले.

त्यांच्या ओळीतल्या अकरा घरांत आल्गोतला तोंडावर कोणी काही बोललं नाही. तशी पद्धतच नाही. सामाईक धुलाईघराच्या दारावर चिठ्ठी लागली: "ज्याला पानांची इतकी चीड आहे त्याने कृपया ऑक्टोबरपर्यंत धीर धरावा." खाली सही नव्हती, पण इतका तिरका "क" गावात फक्त रुटगेर काढतो. दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी: "पहिल्या चिठ्ठीशी सहमत." तिसऱ्या दिवशी तिसरी: "चिठ्ठ्या टाचण्यांनी लावाव्यात, चिकटपट्टीने रंग निघतो." आल्गोतने तिन्ही वाचल्या, मान ताठ ठेवून आपले पायमोजे वाळत घातले आणि घरी येऊन डाग्नीला म्हणाला, "काय लोक आहेत!"

"काय झालं?" कानात कापसाचे बोळे असल्यामुळे डाग्नी जरा मोठ्याने म्हणाली. बोळे आल्गोतनेच दिले होते, वाऱ्याने कान दुखतात म्हणून. तिने ते एकही प्रश्न न विचारता घातले होते. चाळीस वर्षांच्या संसारात ती प्रश्न न विचारता वागल्याची ही दुसरी वेळ. आल्गोतला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग घड्याळाचं प्रकरण निघालं. डाग्नी दर गुरुवारी यूर्दिसकडे कॉफीला जाई, आणि यूर्दिसच्या भिंतीवर जर्मनीहून आणलेलं कुकूचं घड्याळ होतं. दर तासाला दार उघडून लाकडी कुकू बाहेर येई आणि वाजले असतील तितक्यांदा ओरडे. आल्गोतने घड्याळ बंद ठेवण्याची विनंती केली. यूर्दिसने ती लेखी मागितली आणि कार्यकारिणीपुढे ठेवली.

"प्रश्न असा आहे," यूर्दिस बैठकीत म्हणाली, "की लाकडी कुकू हा कुकू धरायचा का?"

"माझ्या यादीत मी धरलेला नाही," रुटगेर म्हणाला.

"तुझ्या यादीत तू दलदलीतला तो बगळा धरलास," आल्गोत म्हणाला, "ती प्लॅस्टिकची पिशवी होती."

"बगळा होता!"

"घड्याळ कुठल्या भिंतीवर आहे?" खजिनदारबाईंनी हळूच विचारलं. घड्याळ दक्षिणेच्या भिंतीवर होतं. यूर्दिसने पुढच्या विषयाकडे वळू या असं सुचवलं, आणि त्या दिवसापासून घड्याळाच्या दारावर दातांच्या दवाखान्यातली पांढरी पट्टी चिकटवलेली दिसू लागली. कार्यवृत्तात लिहिलं गेलं: "विषयावर चर्चा झाली."

खरा इंगा दाखवला तो सरकारी कार्यालयाने. तेर्नहोल्म हे राखीव बेट. एप्रिल ते जुलै पक्षी अंड्यावर असतात म्हणून तिथे पाऊल ठेवायला बंदी. आल्गोतने परवानगीचा अर्ज केला. अर्जात रकाना होता, "भेटीचा हेतू". खोटं लिहायचं नाही या तत्त्वाने त्याने लिहिलं, "पश्चिम." चार दिवसांनी एका अत्यंत सौजन्यशील बाईंचा फोन आला.

"तुम्ही हेतूच्या रकान्यात दिशा लिहिली आहे."

"हो. तोच हेतू आहे."

"कुठल्या पक्ष्याला त्रास होण्याची शक्यता आहे?"

"कुणालाच नाही. आम्ही फक्त ऐकणार."

"ऐकायला परवानगी लागत नाही," बाई म्हणाल्या.

"मग द्या."

"लागत नाही ती देता येत नाही. आणि उतरायची देता येत नाही, कारण बंदी आहे. किनाऱ्यापासून शंभर मीटर बाहेर थांबून तुम्ही कितीही ऐका."

फोन ठेवून आल्गोत नकाशाकडे वळला. अडतीस वर्षं तो टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना असंच सांगत आला होता, आणि हे इतकं चीड आणणारं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. त्याने बेटाच्या पूर्वेला एकशे वीस मीटरवर पेन्सिलने एक ठिपका दिला. ठिपक्यापासून माळावरचं एकुलतं एक झाड बरोबर दोनशे सत्तर अंशांवर. शुद्ध पश्चिम. राहिली बोट. बोट होती फक्त रुटगेरकडे.

"नेतो की," रुटगेर म्हणाला. "फक्त एक. ते यंत्र उद्यापासून बंद."

"एकोणतीस तारखेनंतर."

"आज." पण मग त्याने आल्गोतचा चेहरा पाहिला आणि काय वाटलं कोण जाणे, "बरं, एकोणतीसनंतर," म्हणाला. पुढे कोणी चिठ्ठी लावली नाही.

सणाची पहाट स्वच्छ उजाडली. सात माणसं धक्क्यावर जमली. कुकू उपाशीपोटी ऐकला तर वाईट, म्हणून डाग्नीने वेलदोड्याचे पाव भाजून आणले होते. तिला बोटीत उतरवणं हा वेगळाच सोहळा झाला. बागेतली पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, तीत डाग्नीला बसवलं आणि चौघांनी चार पाय धरले.

"सावकाश! डावा पाय वर! डावा, डावा!" रुटगेर ओरडला.

"माझा का खुर्चीचा?" डाग्नीने विचारलं. "माझा डावा चांगला आहे, तो मी सांभाळते."

ठिपक्यावर पोचून नांगर टाकला तेव्हा पाच वाजले होते. बेटाच्या कडेने आयडर बदकं पोहत होती. त्यांचे नर "अऊऽऽ" असा आवाज काढत होते, शेजारच्या घरातली बातमी कळल्यावर मावश्या काढतात अगदी तसा. दगडांवर कालवफोडे लाल चोचींनी शिंपले उचकटत होते, सुरय पक्षी डोक्यावर कोकलत होते. एरवी यातल्या प्रत्येकावर मंडळाने अर्धा तास वाद घातला असता. आज कोणी दुर्बीण उचलली नाही. सगळे झाडाकडे बघत होते आणि पाव चावत होते.

आल्गोतने होकायंत्र काढलं. सुई वायव्येला गेली, परत आली आणि उगीचच फिरू लागली.

"नांगराची साखळी," रुटगेर म्हणाला. "लोखंड आहे. तू तिच्यावर बसलायस."

आल्गोत उठून दुसरीकडे बसला. तिथे यूर्दिसची कॉफीची किटली होती, तीही लोखंडी. तो तिसरीकडे गेला तेवढ्यात वारा वळला आणि बोट नांगराभोवती फिरायला लागली. जमिनीवर माणूस उभा राहिला की दिशा आपापल्या जागी उभ्या राहतात. समुद्रावर त्या गरगर फिरतात, हे मोजणी खात्याने त्याला शिकवलं नव्हतं. झाड आत्ता उजव्या हाताला होतं, मग पाठीमागे गेलं. खजिनदारबाईंना मळमळायला लागलं.

आणि नेमका तेव्हाच तो ओरडला. कु-कू.

सात जण सात दिशांना वळले. बोट कलंडता कलंडता राहिली. पुन्हा एकदा आवाज आला, मग झाडावरून एक राखाडी पक्षी उठला, सरळ बोटीवरून गेला आणि उडता उडता, गावाच्या बाजूला, पुन्हा ओरडला.

"पश्चिम!" आल्गोत ओरडला.

"नैर्ऋत्य," रुटगेर म्हणाला. "आणि तिसऱ्यांदा पूर्व."

"पहिलाच धरायचा!"

"माझा पहिला नाही," यूर्दिस म्हणाली. "माझा पाव अजून हातात होता. उपाशीपोटी मी धरत नाही."

"मतदान घेऊ या," खजिनदारबाई बोटीच्या कडेवरून डोकं न उचलता म्हणाल्या.

मतदान झालं. पश्चिमेला तीन मतं पडली, नैर्ऋत्येला दोन, खजिनदारबाईंनी पूर्वेला दिलं. डाग्नी तटस्थ राहिली. तीन मतं म्हणजे बहुमत होत नाही, असा मुद्दा रुटगेरने काढला आणि मंडळाची नियमावली बोटीत आहे का यावर वाद सुरू झाला. डाग्नीने आल्गोतची बाही ओढली. कानातले बोळे तिने केव्हाच काढून ठेवले होते.

"आल्गोत, बस इथे."

"अगं, तू मत दे. तू पश्चिमेला दिलंस की चार होतात. तुझ्यासाठीच तर..."

"माझा हा पहिला नाही," ती हलकेच म्हणाली. "मी सहा तारखेलाच ऐकला."

आल्गोत खाली बसला.

"खिडकी उघडी होती. मी पीठ मळत होते. तो ओरडला आणि मी बाहेर बघितलं, तर तू पत्रपेटीपाशी उभा होतास. तू होकायंत्र काढलंस."

"रेडिओ चालू होता," आल्गोत कसाबसा म्हणाला.

"तू आत येताना मीच मोठा केला."

"दक्षिण होती गं."

"ठाऊक आहे. या घराची खिडकी कुठे उघडते हे तूच मला बारा वेळा सांगितलंयस." तिने त्याच्या बाहीवरचा पावाचा कण झटकला. "मला त्या कुकूचं काही वाटलं नाही, खरंच. पण तुझा चेहरा बघितला. एवढा घाबरलेला तू मला कधी दिसला नव्हतास. तू यंत्र खिशात टाकून आत आलास, पेपर दिलास, कॉफी प्यायलास, आणि अंघोळीला गेल्यावर मी हॉस्पिटलला फोन केला. अठरा जून. येते म्हणून सांगितलं."

"सहा तारखेलाच?"

"तेव्हाच. म्हटलं, मी दीड वर्ष काठी टेकत काढेन, पण या माणसाला ही धास्ती दीड वर्ष झेपायची नाही."

तीन आठवड्यांची पानं, चिठ्ठ्या, पायजमा, सौजन्यशील बाई, सगळं आल्गोतच्या डोळ्यांसमोरून गेलं. राग येईल असं त्याला वाटलं होतं. राग आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरलं आणि डोळे भरून आले, म्हणून त्याने चष्मा काढला. या वेळी व्याख्यान नव्हतं.

"मग बोलली का नाहीस? मी पहाटे साडेचारला..."

"तू उठून यंत्र लावलंस की जरा निवांत दिसायचास. म्हटलं, असू दे. भीतीपेक्षा झाडलोट बरी." तिने त्याचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता आणि पकड नको तितकी घट्ट. म्हणजे भीती तिलाही होती, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो हात आपल्या कोटाच्या खिशात, होकायंत्राशेजारी घातला आणि धरून ठेवला.

नियमावली सापडली नव्हती. यूर्दिसने मंडळाची वही मांडीवर उघडली आणि पेन सरसावलं.

"पुढारी तू आहेस, आल्गोत. तूच सांग. कुकू: एक. वेळ: पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. दिशा?"

सगळे वाट बघत होते. दूर गावाच्या बाजूला कुकू पुन्हा ओरडला. आल्गोतने खिशातला हात हलवला नाही.

"रकाना कोरा सोड," तो म्हणाला.

"कोरा?" यूर्दिसने चष्म्यावरून बघितलं. "अरे, तू मोजणी खात्यातला ना?"

"निवृत्त," आल्गोत म्हणाला, आणि त्याने मोकळ्या हाताने पाव मागितला.